गर्भाशयमुखाचा कॅन्सर: काहीच दुखत नसताना करायची कामं

दुखणं अंगावर काढणं हा बायकांचा जुना हातखंडा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पंचाईत अशी, की त्याच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत अंगावर काढण्याजोगं काही दुखतच नाही. पोटात कळ नाही, ताप नाही, हाताला गाठ लागत नाही. आणि एक दिवस अवेळी लाल जायला लागतं, तेव्हा बरेचदा सोप्या उपचाराची वेळ टळून गेलेली असते.

२०२२ साली जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि साडेतीन लाखांच्या आसपास बायका दगावल्या. यातले ९४ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. विषाणू देश बघून लागत नाही. श्रीमंत देशांत कित्येक दशकं नियमित तपासण्या होत आल्या, म्हणून तिथला आकडा खाली आला. बाकीच्या जगात बाई दवाखान्यात जाते ती बाळंतपणाला, नाहीतर मुलाचं बोट धरून. स्वतःसाठी, तेही काही होत नसताना, क्वचितच.

हा लेख दोघींसाठी आहे: जिला स्वतःचं, मुलीचं, सुनेचं बघायचं आहे तिच्यासाठी, आणि जिला चार बायकांना गोळा करून हे काम पुढे न्यायचं आहे तिच्यासाठी. एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. नुसती तपासणी करून कोणी वाचत नाही. तपासणी, निकाल आणि उपचार या साखळीत बाई मधेच कुठेतरी हरवते, ती का हरवते हे आधीच ओळखून ठेवायचं.

पहिली पायरी: हा आजार नेमका कुठे आणि कशाने होतो

गर्भपिशवीचा खालचा, चिंचोळा भाग योनिमार्गात उघडतो. तेच गर्भाशयमुख, बोलीत पिशवीचं तोंड. पाळीचं रक्त याच वाटेने येतं आणि बाळंतपणात हेच उघडतं. इथे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात, आणि त्या सीमेवरचा पट्टा सतत बदलत असतो. कॅन्सर जवळजवळ नेहमी या पट्ट्यात सुरू होतो. बाहेरून साध्या उपकरणाने दिसणारी ही जागा आहे, म्हणून तो आधी पकडता येतो. शरीरात खोलवर होणाऱ्या फार थोड्या कॅन्सरना ही सोय आहे.

कारण आहे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. त्यातले थोडेच धोक्याचे, आणि १६ व १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या ७० टक्क्यांहून अधिक केसेसना जबाबदार आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात हा संबंध दाखवला, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. २००८ साली त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

हा विषाणू लैंगिक संबंधांतल्या त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच, आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. कळतही नाही. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या पेशी हळूहळू बदलतात. तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार झालेले नसतील, तर हाच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा सहापट असतो. धूम्रपान, कमी वयात सुरू झालेले संबंध आणि बरीच बाळंतपणं यांनीही धोका वाढतो.

इथे थोडं थांबते, कारण बैठकीत हा विषय निघाला की खोली गप्प होते. ‘म्हणजे हा वाईट चालीच्या बायकांचा रोग?’ असा प्रश्न कोणीतरी दबक्या आवाजात विचारते. अजिबात नाही. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही हा होतो. विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कोणाकडून आणि कधी आला हे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. एचपीव्ही सापडला यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणं याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. पुरुषांसाठी याची मान्यताप्राप्त नेहमीची तपासणीही नाही, म्हणून ‘आधी त्यांची तपासणी करा’ या हट्टात अडकू नका. आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकमेकींचे कपडे वापरल्याने होत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण तो झाकत नाही त्या त्वचेवरूनही विषाणू जातो.

दुसरी पायरी: मुलीला लस, आणि ती वेळेवर

लस विषाणू लागण्याआधी द्यायची असते. लागलेला विषाणू ती घालवत नाही. म्हणून वय ९ ते १४. ‘एवढ्या लहान पोरीला कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे. पण गोवराची लस आपण गोवर यायची वाट बघून देत नाही. या वयात शरीराचा प्रतिसादही सर्वांत जोरदार असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार ९ ते २० वयाच्या मुलींना एक किंवा दोन डोस चालतात. २१ वर्षांच्या पुढे दोन डोस, मध्ये सहा महिन्यांचं अंतर. एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर निदान दोन, जमल्यास तीन. तुमच्या देशाचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असू शकतं, तेव्हा लसीकरण केंद्रावर विचारा आणि तेच पाळा.

एक डोस पुरतो हे कसं कळलं, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास चालू होता. २०१० मध्ये सरकारने लशीचे सगळे अभ्यास थांबवले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्या मुलींचं संरक्षण जास्त डोस घेतलेल्यांइतकंच होतं. पुढे केनियात १५ ते २० वयाच्या मुलींवर मुद्दाम केलेल्या चाचणीतही, २०२२ साली, एका डोसची परिणामकारकता याच दोन प्रकारांविरुद्ध ९७.५ टक्के निघाली. गरीब देशांसाठी याचा अर्थ सरळ आहे: त्याच साठ्यात दुप्पट मुली, आणि दुसऱ्या डोससाठी पुन्हा शोधत फिरायची गरज नाही.

आता भीतीबद्दल. लशीत जिवंत विषाणू नसतो. मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखी प्रथिनांची पोकळ टरफलं असतात, त्यामुळे लशीने संसर्ग किंवा कॅन्सर होणं शक्यच नाही. दंड दुखतो, थोडी सूज येते, कधी कणकण वाटते. किशोरवयीन मुलींना कोणत्याही सुईने चक्कर येऊ शकते, म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं. रिकाम्या पोटी पाठवू नका. ‘मूल होणार नाही’ ही अफवा जवळजवळ प्रत्येक देशात उठली, आणि जगभरच्या माहितीत तिला कुठेही आधार सापडलेला नाही. उलट, कॅन्सरआधीच्या बदलांवर जे शस्त्रक्रियेचे उपचार करावे लागतात त्यांनी पुढच्या गरोदरपणात अडचण येऊ शकते. लस त्या उपचारांची वेळच टाळते. गरोदरपणात लस देत नाहीत, स्तनपान चालू असताना चालते.

भारतातले ते अभ्यास का थांबले, हेही लपवू नये. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींसाठी राबवलेल्या एका प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण पालकांची संमती नीट घेतली गेली नव्हती, हा ठपका खरा होता. त्यातून बसलेला अविश्वास पुसायला पुढची कित्येक वर्षं गेली. म्हणून शाळेत लसीकरण ठरवत असाल तर सह्यांचे कागद दप्तरातून घरी धाडून मोकळे होऊ नका. आई-वडिलांना बोलवा, प्रश्न विचारू द्या, नाही म्हणायचा हक्क आहे हेही सांगा. जबरदस्तीने टोचलेल्या एका सुईमुळे शंभर सुया अडतात.

नीट केलं की जमतं. भूतानने २०१० मध्ये आणि रवांडाने २०११ मध्ये देशभर लसीकरण सुरू केलं, आणि दोन्हीकडे पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून जास्त मुलींना लस मिळाली. रवांडात प्राथमिक शाळेच्या सहावीतल्या मुली धरल्या होत्या. ज्या शाळेत नव्हत्या त्यांना गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन शोधलं. शाळा सुटलेली मुलगीच पुढे तपासणीलाही येणार नसते, तेव्हा ती आधी.

लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी करावीच लागते. लशीत सगळे धोकादायक प्रकार नसतात.

तिसरी पायरी: तपासणी कोणती, कधीपासून

साधारण ३० व्या वर्षापासून. त्याआधी संसर्ग खूप जणींत सापडतो आणि आपोआप जातो, म्हणजे उगाच घोर. एचआयव्ही असेल तर मात्र २५ पासून. वयाच्या पन्नाशीनंतर लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ आल्या असतील तर थांबता येतं. पण जिची आजवर एकदाही झाली नाही तिने ‘आता कशाला या वयात’ म्हणून टाळू नये, कारण नेमकी तीच सर्वांत जोखमीत असते.

तपासण्या तीन प्रकारच्या.

एचपीव्ही चाचणीत मऊ ब्रशने किंवा काडीने नमुना घेऊन त्यात धोकादायक विषाणूचे अंश आहेत का ते यंत्रावर बघतात. जागतिक आरोग्य संघटना हीच पहिली पसंती मानते. निर्धोक आली तर पुढची ५ ते १० वर्षांनी, एचआयव्ही असल्यास ३ ते ५ वर्षांनी. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार, एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यापाड्यांतल्या, आधी कधी तपासणी न झालेल्या बायकांमध्ये. हा निष्कर्ष आज जगभराच्या धोरणात उतरला आहे.

व्हीआयए ही डोळ्यांनी बघायची तपासणी. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात आणि एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा पडतो. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, निकाल तिथल्या तिथे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांमधल्या बायकांवर केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उणी बाजू अशी, की सगळं बघणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून. धाराशिवच्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नव्हती. म्हणून ही दर ३ वर्षांनी करायची. आणि पाळी गेल्यावर पेशींचा तो पट्टा आत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा त्या वयात दुसरी तपासणी मागा.

पॅप तपासणी सगळ्यांत जुनी. पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चांगली प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ असतील तर उपयोगी, पण दर ३ वर्षांनी करावी लागते आणि निकालाला वेळ लागतो. तो घ्यायला बाई परत येत नाही, हे या तपासणीचं खरं दुखणं.

मग निवड कशी करायची? एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर ती. नसेल तर जी मिळते ती, आजच. उत्तम चाचणीची वाट बघत पाच वर्षं घालवण्यात काही अर्थ नाही.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांना वाटतं आपला प्रश्न मिटला. काही शस्त्रक्रियांत वरचा भाग काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. शस्त्रक्रियेचा कागद शोधा, डॉक्टरांना दाखवा, आणि ‘तोंड काढलंय का?’ एवढंच विचारा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष तपासणीचा दिवस

पाळी चालू नसताना जा. आधीचे दोन दिवस संबंध टाळा, योनीत औषधाची गोळी किंवा मलम घालू नका, आतून धुऊ नका. जाण्याआधी लघवी करून घ्या. कपडे असे, की फक्त खालचे काढावे लागतील.

आत गेल्यावर पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे. डॉक्टर किंवा नर्स स्पेक्युलम नावाचं उपकरण योनीत सरकवून हळूच उघडतात. गार लागतं, दाब जाणवतो. व्हीआयएच्या वेळी थोडं चुणचुणतं. अंग आवळलं की जास्त दुखतं, म्हणून तोंडाने सावकाश श्वास सोडत राहायचं. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा. बाईच तपासायला हवी, पडदा हवा, सोबत कोणी हवं, हे मागणं म्हणजे नखरे नव्हेत. काम पाच मिनिटांचं असतं. नंतर एखाद-दुसरा रक्ताचा डाग पडू शकतो.

ज्यांना हे सगळं नकोच वाटतं त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणीत एक मोठी सोय आहे: नमुना स्वतःच घेता येतो. हात धुवायचे, काडीचं मऊ टोक कुठेही टेकू द्यायचं नाही. एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून, अडकल्यासारखं वाटेपर्यंत काडी अलगद आत घालायची, सांगितलेले सेकंद गोल फिरवायची, आणि सरळ नळीत ठेवून झाकण लावायचं. काडी अगदी गर्भाशयमुखापर्यंत पोचायला हवी असं नाही. पीसीआर पद्धतीच्या यंत्रावर तपासला तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो. मलेशियात २०१८ पासून ‘रोझ’ नावाच्या उपक्रमात बायका स्वतः नमुना देतात आणि निकाल मोबाइलवर येतो. माझ्या मते लाजेच्या अडथळ्यावर याहून चांगला उतारा आजवर निघालेला नाही. तासभर भाषण देण्यापेक्षा ही काडी हातात द्यावी.

आणि आता हा लेख लिहिण्याचं खरं कारण. नमुना देण्याआधी, टेबलासमोर उभं राहून, हे विचारायचं: निकाल कधी आणि कसा कळेल? तो दुसऱ्या कोणाच्या फोनवर तर जाणार नाही ना? दोष निघाला तर उपचार इथेच होतील की दुसरीकडे? दुसरीकडे असेल तर कुठे, कोणत्या वारी, आणि खर्च किती? निकाल आलाच नाही तर मी कोणाला विचारू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक नाव आणि एक नंबर लिहून घ्या. ज्या शिबिरात याची उत्तरं मिळत नाहीत ते शिबिर अर्धवट आहे. तपासणी तरीही करून घ्या, पण पुढचा रस्ता आपला आपण शोधून ठेवा. घरातला एकच मोबाइल नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो हेही तिथे आधी सांगा. नाहीतर निकाल भलत्याच माणसाला कळतो, आणि बाईला शेवटी.

पाचवी पायरी: निकाल हातात आल्यावर

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. हे वाक्य निकालाच्या कागदावर छापलं पाहिजे. त्याचा अर्थ एवढाच, की धोक्याचा विषाणू आत्ता शरीरात आहे आणि त्याने काही बिघडवलंय का ते बघायला हवं.

त्यासाठी व्हीआयए, पॅप किंवा कोल्पोस्कोपी करतात. कोल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून बघणं. काही ठिकाणी पॉझिटिव्ह आल्यावर त्याच दिवशी पाहणी आणि उपचार दोन्ही उरकतात. गरीब देशांत हीच पद्धत शहाणपणाची, कारण दुसऱ्या फेरीला बाई येईलच याची खात्री नसते. पाहणीत काही दिसलं नाही तर दोन वर्षांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी, एचआयव्ही असेल तर एका वर्षाने.

कॅन्सरआधीचे बदल दिसले तर उपचार छोटा असतो. थर्मल ॲब्लेशनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापलेलं टोक त्या भागावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास टेकवतात. उपकरण हातात मावतं, बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जात-येत असलेल्या केंद्रातही काम होतं. क्रायोथेरपीत तोच भाग गॅसने गोठवतात: तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. दोन्हींना सहसा भूल लागत नाही, पाळीच्या वेळेसारखी कळ येते, आणि बाई चालत घरी जाते. बदल मोठा असेल किंवा आतल्या बाजूला सरकलेला असेल तर विजेच्या तारेच्या वेढ्याने तेवढा भाग काढतात. त्याला लूप शस्त्रक्रिया म्हणतात. त्याला जागेपुरती भूल देतात आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. गरोदर असाल तर आधी सांगा, हे उपचार बाळंतपणानंतरवर ढकलतात.

उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखं, कधी गुलाबीसर स्राव जातो. यात घाबरण्यासारखं नाही. पण हे आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते आणि शेजारणीलाही घाबरवते. चारेक आठवडे संबंध ठेवायचे नाहीत, योनीत काही घालायचं नाही. ही गोष्ट नवऱ्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितली तर पाळली जाते, असा माझा अनुभव. ताप, घाण वास, ओटीपोटात तीव्र दुखणं किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त, यातलं काही झालं तर त्याच दिवशी परत जायचं. आणि बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी. उपचार झाला म्हणजे सुटलो असं समजून ती टाळली जाते.

एक इशारा. बदल सापडले म्हणून थेट ‘पिशवीच काढून टाकू’ असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सुरुवातीच्या बदलांना त्याची गरज सहसा नसते. आणि आत खरोखर कॅन्सर असताना तो न तपासता साधी पिशवी काढली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. आधी तुकडा तपासायचा, मग ठरवायचं.

लक्षणं असतील तर तपासणी शिबिर नको, डॉक्टर हवेत

वरचं सगळं बरं वाटत असलेल्या बाईसाठी होतं. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, थांबत नसलेली कंबरदुखी किंवा ओटीपोटदुखी, एका पायाला सूज: यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट बघू नका. पाळी गेल्यानंतरचा एक थेंबही ‘उष्णतेने झालं’ म्हणून सोडू नका. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांनी आत बघून, गरज असेल तर तुकडा काढून तपासायला हवा. मागच्या वर्षीचा स्वच्छ निकाल असला तरीही.

नुसतं अंगावरून पांढरं जाणं हे मात्र बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं किंवा अगदी नेहमीचंही असतं. त्यावर औषध घ्या, आणि तिथवर गेलाच आहात तर तपासणीही करून या.

कॅन्सर निघाला तर? लवकरच्या टप्प्यात शस्त्रक्रिया. पुढे गेलेला असेल तर रेडिएशन आणि सोबत आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन हे औषध, शेवटी आतून दिलं जाणारं रेडिएशन. हे सगळं साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. मधले दिवस बुडाले की गुण कमी होतो. शेताची कामं, मुलांच्या परीक्षा, घरचं लग्न यांसाठी खंड पाडायचा नाही. अनेक गरीब देशांत रेडिएशनचं यंत्र मोजक्याच शहरांत असतं, म्हणून पहिल्याच दिवशी दोन महिन्यांच्या राहण्याची आणि घर कोण बघणार याची सोय लावावी. रेडिएशन घेऊन घरी आलेल्या बाईजवळ लेकरांनी जायला हरकत नाही. बाहेरून घेतलेले किरण अंगात साठून राहत नाहीत.

हे काम चार बायकांपर्यंत न्यायचं तर

जागतिक आरोग्य संघटनेने १७ नोव्हेंबर २०२० ला २०३० साठी लक्ष्य जाहीर केलं: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा चांगल्या चाचणीने तपासणी, आणि दोष निघालेल्या ९० टक्के जणींना उपचार. गावात किंवा वस्तीत बसून हे पेलायचं तर आकडे बाजूला ठेवून वीस घरं धरावीत.

बैठक मोठी नको, दहा-बारा जणी पुष्कळ. ‘कॅन्सर’ या शब्दाने सुरुवात केली की निम्म्या उठतात. पाळी, पांढरं जाणं, कंबरदुखी यांपासून सुरू करा, त्या आपणहून बोलायला लागतात. स्पेक्युलम आणि नमुन्याची काडी हातात घेऊन फिरवू द्या. भीती ऐकून वाढते, हाताळून कमी होते. सासवांना नक्की बोलवा. दवाखान्यात जायची परवानगी आणि लागणारे पैसे बऱ्याच घरांत त्यांच्याकडून निघतात, शिवाय त्यांची स्वतःची तपासणी कधीच झालेली नसते. पुरुषांशी वेगळं बोला, त्यांच्या वेळेला, आणि पुरुषाकडूनच बोलवून घेतलंत तर उत्तम.

तपासणीच्या दिवसाआधी मजुरीचा दिवस कोणता, बस किंवा गाडी कितीला, मुलं कोणाकडे राहतील हे ठरवा. आधी तपासणी झालेली एक बाई सोबत असेल तर बाकीच्या निघतात. तिने दोन वाक्यांत ‘मला कसं वाटलं’ सांगितलं की पत्रकांचा गठ्ठा बाजूला राहतो.

मग एक वही घाला. नाव, आणि पुढे पाच रकाने: निरोप दिला, तपासणी झाली, निकाल हातात मिळाला, उपचार झाला, पुढची तारीख. निकाल काय आला हे वहीत लिहू नका, वही कोणाच्याही हाती पडते. फक्त खूण करा, आणि निकाल स्वच्छ असेल तिथे चौथ्या रकान्यात रेघ मारा. पहिले दोन रकाने भराभर भरतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. महिन्याभराने वही उघडली की ज्या नावापुढे चौथा रकाना कोरा असेल, त्या घरी स्वतः जायचं, आणि तिच्याबरोबर गाडीत बसायचं.